आज्ञार्थाचा श्रोता : घरगुती मुष्टियुद्धाच्या एका खेळाची भाषा

व्यायामाची भाषा हा विषय आपल्याकडील भाषाविचारात उपेक्षित राहिला आहे. वाङ्मयाच्या समीक्षकाला तो क्षुद्र वाटतो आणि व्यायामशिक्षकाला भाषेकडे वळून पाहण्याची सवड नसते. वस्तुतः आज्ञार्थाचा अभ्यास करावयाचा तर तालीम, कवायतीचे मैदान आणि योगवर्ग यांहून समृद्ध क्षेत्र सापडणे कठीण. तेथे एक मनुष्य दुसऱ्याच्या केवळ शरीराला उद्देशून तासन्‌तास बोलत असतो, आणि बोलणे कळले की नाही याचा पुरावा तत्काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात ज्या कृतीचा विचार करावयाचा आहे ती ग्रंथ नव्हे, नाटकही नव्हे. तो एक व्हिडिओ गेम आहे. अशा कृतीला विभागाच्या पत्रिकेत स्थान असावे काय, अशी शंका एका सहकाऱ्यांनी बोलून दाखविली. तिचे उत्तर लेखानेच द्यावे हे बरे.

प्रथम कृतीचा परिचय. 'फिटनेस बॉक्सिंग' हा खेळ जपानमधील इमॅजिनियर या संस्थेने तयार केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो निंटेंडो कंपनीच्या 'स्विच' या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती २०२० साली व तिसरी २०२४ साली आली. खेळणाऱ्याने दोन्ही हातांत एकेक छोटी मूठ धरून दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर उभे राहावयाचे. पडद्यावर एक चित्ररूप शिक्षिका किंवा शिक्षक आपल्याकडे तोंड करून उभा असतो. संगीत सुरू होते, चिन्हे एका रेषेकडे सरकू लागतात, आणि चिन्ह रेषेवर पोहोचताच त्या त्या जातीचा ठोसा हवेत मारावयाचा. या खेळाचा पूर्वज म्हणजे २००६ सालच्या 'वी स्पोर्ट्स' या संग्रहातील मुष्टियुद्ध. तो संग्रह जपान वगळता बहुतेक देशांत यंत्राबरोबरच दिला गेल्यामुळे जगात त्याच्या आठ कोटींहून अधिक प्रती पोहोचल्या. हाताच्या हालचालीने खेळ चालतो ही गोष्ट लक्षावधी घरांना प्रथम कळली ती तेथे.

हे यंत्र आमच्या घरी परदेशस्थ भाच्याच्या पेटीतून आले. वैद्यांनी रक्तशर्करेचा आकडा पाहून 'रोज अर्धा तास हालचाल करा' असे बजाविले होते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो; अंबाझरीच्या काठी फिरावयाचे तर सूर्योदयापूर्वीच बाहेर पडावे लागते, आणि ते ज्यांना साधते त्यांच्याविषयी मला आदर आहे. एका व्यायामगृहाची वर्षाची वर्गणी भरून मी तेथे तीन वेळा गेलो, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही. तेव्हा अर्धा तास हालचाल कूलरच्या समोर, खोलीतील खुर्च्या भिंतीला लावून, अशी सुरू झाली. यंत्र अर्थात मराठी बोलत नाही, हिंदीही नाही. मी इंग्रजी निवडले.

चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या आईने पलंगावरून एक प्रश्न विचारला आणि या लेखाचे बीज त्यात आहे. ती म्हणाली, "कोनाले मारून राहिला रे?"

आईची बोली वऱ्हाड-नागपूरकडची. '-ले' हा चतुर्थीचा प्रत्यय आणि 'मारून राहिला' हे अपूर्ण वर्तमानाचे रूप आमच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नकोच. प्रश्न मात्र व्याकरणाच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. 'मारणे' या क्रियापदाला कोणीतरी लागतो. ज्याला मारावयाचे तो वाक्यात नसला तरी श्रोता त्याची जागा मोकळी ठेवतो व ती भरून मागतो. परंतु मराठीत याच क्रियापदाचा एक दुसरा, फार मोठा संसार आहे : हाक मारणे, उडी मारणे, गप्पा मारणे, शिट्टी मारणे, फेरी मारणे, दांडी मारणे. येथे कोणालाही इजा होत नाही. नाम अर्थ पुरविते आणि 'मारणे' केवळ क्रियेचा झटका तेवढा पुरविते. तालमीत 'जोर मारणे' व 'बैठका मारणे' हे प्रयोग याच कुळातले आहेत. म्हणजे ज्यात कोणी मारला जात नाही असे 'मारणे' व्यायामाच्या मराठीत पूर्वीपासून नांदते आहे. मग आईला प्रश्न का पडावा? कारण 'ठोसा' हे नाम 'जोर' या नामासारखे निरुपद्रवी नाही. 'ठोसा मारणे' यात बळी पडणाऱ्याची जागा शिल्लक राहते. घरगुती मुष्टियुद्धाने नेमके एवढेच केले आहे : 'ठोसा मारणे' हा प्रयोग 'जोर मारणे' याच्या पंगतीस नेऊन बसविला आहे, आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत कोणालाच बसविलेले नाही. 'वी स्पोर्ट्स'मध्ये निदान एक प्रतिस्पर्धी बाहुला समोर असे. 'फिटनेस बॉक्सिंग'मध्ये समोर उभी असते ती शिक्षिका. म्हणजे शिष्याचे सगळे ठोसे, अगदी पहिल्या धड्यापासून, गुरूच्या दिशेने जातात. ज्या समाजात मातीत उतरताना आधी माती कपाळाला लावतात आणि वस्तादाच्या पायाला हात लावतात, त्या समाजातील मनुष्याला या रचनेतील विनोद जाणवल्यावाचून राहत नाही. खेळाच्या कर्त्यांना तो जाणवलेला दिसत नाही.

ठोशांच्या नावांकडे पाहिले म्हणजे हाच भेद अधिक खोल जातो. या खेळात जॅब, स्ट्रेट, हुक आणि अपरकट असे चार मुख्य प्रकार आहेत. यांना मराठीत रूढ शब्द नाहीत. वर्तमानपत्रे 'ठोसा' आणि 'पंच' यांवर भागवितात. यावरून मराठी या बाबतीत दरिद्री आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. परंतु मारासंबंधी मराठीचे दारिद्र्य सिद्ध करू पाहणाऱ्याने आपले बालपण आठवावे. गुद्दा, बुक्की, रट्टा, धपाटा, चापट, चपराक, टप्पल, कानशिलात, थोबाडीत, मुस्काटात : यादी आणखी वाढविता येईल. मात्र या शब्दांची वाटणी कशी झाली आहे ते पाहावे. काही शब्द हाताच्या आकारावरून आले. मूठ मिटलेली तर बुक्की, पंजा उघडा तर चापट. पण पुष्कळ शब्द मार कोठे बसला त्यावरून ठरतात. धपाटा पाठीतच बसतो, टप्पल डोक्यावरच. 'मुस्काटात', 'थोबाडीत' या प्रयोगांत तर माराचे नाव गळून पडले आहे आणि उरली आहे केवळ सप्तमी. म्हणजे मराठीतील मार बऱ्याच अंशी खाणाऱ्याच्या बाजूने मोजला जातो. इंग्रजी मुष्टियुद्धाची परिभाषा याच्या उलट आहे. हुक म्हणजे आकड्यासारखा वळलेला हात. अपरकट म्हणजे खालून वर जाणारा. तो कोणाच्या हनुवटीवर बसला, की हवेत विरला, हे नावाला ठाऊक नसते. ती मारणाऱ्याच्या हाताच्या मार्गाची नावे आहेत. म्हणूनच खाणारा काढून टाकल्यावरही ती शाबूत राहतात आणि एकट्या मनुष्याच्या व्यायामाला उपयोगी पडतात. आपले 'मुस्काटात' मुस्काटावाचून जगूच शकत नाही.

व्यायामाच्या क्रियेसाठी मराठीने जे सामान्य शब्द जवळ केले, त्यांचाही येथे विचार करावयास हवा, कारण पुढील मूल्यमापन त्यांवर उभे आहे. 'व्यायाम' संस्कृत, वि आणि आ या उपसर्गांसह यम् धातू, ताणणे-पसरणे हा भाव. 'मेहनत' व 'कसरत' अरबीतून, फारसीच्या मार्गे आलेले. 'कसरत' याचे मूळ विपुलता, बहुत्व असे आहे. एकच गोष्ट पुनःपुन्हा करणे यावरून सराव आणि त्यावरून अंगमेहनत. 'तालीम' हाही अरबी शब्द, पण त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत तो दोन ठिकाणी स्थिरावला, कुस्तीच्या जागेत आणि नाटकाच्या सरावात. आणि दोन्ही ठिकाणी त्याने आपला मूळ अर्थ सोडला नाही. दोन्हीकडे पाहणारा आणि सांगणारा एक जण असावाच लागतो. एकटा मनुष्य कसरत करू शकतो, मेहनत करू शकतो. एकट्याची तालीम होत नाही. आपण हे शब्द आज समानार्थी समजून वापरतो, ही आपली हयगय आहे.

आता आज्ञार्थाकडे वळू. हा खेळ आरंभापासून अखेरपर्यंत आज्ञा देतो : डावा मारा, उजवा मारा, वाका, गुडघे सैल ठेवा. पाणिनीने विध्यर्थाचे विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थना असे अर्थ वेगळे केले आणि आज्ञार्थालाही ते लागू केले, हे आपल्याला परिचित आहे. या सर्वांत बोलणारा आणि ऐकणारा यांचा परस्परसंबंध गृहीत आहे. कोण कोणाला सांगतो त्यावरच विधी कोणता आणि प्रार्थना कोणती हे ठरते. मीमांसकांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. 'गाय आण' असे कोणी म्हटले की श्रोत्याला प्रथम कळते ते हे की हा मला प्रवृत्त करीत आहे. लौकिक व्यवहारात ही प्रवर्तना बोलणाऱ्या पुरुषाच्या अभिप्रायात राहते. वेद मात्र अपौरुषेय. तेथे बोलणारा पुरुषच नाही. मग प्रवर्तना कोठे राहते? मीमांसकांचे उत्तर असे की ती शब्दातच, लिङ्‌ प्रत्ययातच राहते. म्हणून तिला शाब्दी भावना म्हणावयाचे. 'अर्थसंग्रह' वाचलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे ठाऊक असते आणि बहुधा परीक्षेनंतर तो ते विसरतो. मीही विसरलो होतो. हातात मूठ घेऊन कूलरपुढे उभा असताना ते आठवले. कारण येथेही आज्ञा आहे आणि आज्ञा देणारा समोर नाही. ज्या नटीने ती वाक्ये ध्वनिमुद्रित केली तिला माझे अस्तित्व ठाऊक नाही. ज्या लेखकाने ती लिहिली त्याने मला नव्हे, कोणाही खेळणाऱ्याला उद्देशून लिहिली. तरीही माझा डावा हात पुढे जातो. त्याला पुढे ढकलणारे काय?

शब्द, असे उत्तर मला काही दिवस समाधानकारक वाटले. मग एकदा आवाज बंद करून केवळ संगीत ठेवले, आणि हात पूर्वीइतकेच पुढे जाऊ लागले. प्रवर्तना शब्दात नव्हतीच; ती ठेक्यात होती. लेझीम खेळलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. शब्दांचे काम येथे फक्त नाव देण्याचे आहे, आणि नाव एकदा कळले की चिन्हावरच भागते. या खेळाची उत्तम बाजू ही, असे मी म्हणेन : ठेका कुशलतेने रचलेला आहे. दोन ठोशांच्या जोडीत तिसरा घालावयाचा, तो अंगवळणी पडला की चौथा, मग सर्व मालिका उलट्या पवित्र्यात. मंद आरंभ, चढती लय, शेवटी अंग सैल करणे. एखाद्या बंदिशीची बढत जशी, तशी ही रचना आहे, आणि तिच्यामागे व्यायाम जाणणारा मनुष्य बसलेला आहे यात शंका नाही.

बोलणारा समोर नसलेल्या व्यायामाच्या आज्ञेला जपानमध्ये जुनी परंपरा आहे, ही गोष्टही या कृतीचा विचार करताना ध्यानात ठेवावयास हवी. तेथे १९२८ साली नभोवाणीवरून 'राजिओ ताइसो' हा सार्वजनिक व्यायाम सुरू झाला. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतील एका आयुर्विमा कंपनीच्या १९२५ च्या नभोवाणी-व्यायामावरून जपानी टपालखात्याच्या विमाविभागाने उचलली होती. महायुद्धानंतर तो काही काळ बंद पडला आणि १९५१ साली नव्या रूपाने परतला. आजही चालू आहे. पियानोच्या साथीवर एक आवाज आकडे मोजतो आणि सूचना देतो. सुटीच्या दिवसांत मुले सकाळी मैदानावर जमतात आणि हजेरीच्या पत्रकावर शिक्का घेतात. येथेही आवाजाचा धनी गैरहजर आहे. तथापि दोन गोष्टी वेगळ्या. त्या आवाजाने लोकांना एका मैदानावर आणले. आणि त्या आवाजाने ऐकणाऱ्यापैकी कोणाला उद्देशून 'शाबास' असे कधी म्हटले नाही. त्याला दिसत नाही हे तो लपवीत नव्हता.

'फिटनेस बॉक्सिंग'मधील शिक्षिका मात्र शाबासकी देते, आणि माझा मुख्य आक्षेप येथे आहे. 'शाबास' हा शब्दच पाहावा. तो फारसी 'शाद बाश' याचा संक्षेप. अर्थ, 'आनंदी हो'. म्हणजे मुळात तोही आज्ञार्थच, आशीर्वादाच्या अंगाने जाणारा. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, जी १९६२ साली ग्रंथरूपाने आली, काही उक्ती म्हणजे कृतीच होत असे मांडले आणि ती कृती पार पडावयास कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात याची चर्चा केली. प्रशंसेची एक अट अशी की प्रशंसा करणाऱ्याने ते कृत्य पाहिलेले असावे. साक्षीवाचून शाबासकी पोकळ ठरते. मग या शिक्षिकेने काय पाहिलेले असते?

हातातील मुठीत त्वरणमापक बसविलेला असतो. सिलिकनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले एक वस्तुमान हालचालीबरोबर किंचित सरकते आणि त्यामुळे विद्युद्धारकतेत पडणारा फरक यंत्र मोजते. जोडीला भ्रमणाची गती मोजणारे साधन असते. यातून कळते ते मुठीला बसलेला झटका आणि तिचे वळणे. मूठ खोलीत कोठे आहे, कोपर किती उघडले, कंबर वळली की नाही, मागची टाच उचलली की नाही, यांतले काहीच प्रत्यक्ष दिसत नाही. ते झटक्यावरून अदमासाने ठरवावे लागते. मनगटाच्या छोट्या हिसक्यानेही ठोसा नोंदला जाऊ शकतो, ही गोष्ट 'वी स्पोर्ट्स'च्या काळापासून खेळणाऱ्या मुलांनाही ठाऊक आहे. मुष्टियुद्धात ठोसा निघतो जमिनीपासून. पाय, कंबर, खांदा, आणि सर्वांत शेवटी हात. यंत्र या साखळीचे शेवटचे टोक तेवढे जाणते आणि त्याच्या बळावर साऱ्या अंगाची प्रशंसा करते.

आमच्याकडे दूध घालावयास येणारे एक वृद्ध गृहस्थ तरुणपणी तालमीत घुमलेले आहेत. एकदा दार उघडे असताना ते बरणी हातात घेऊन मिनिटभर उभे राहिले. पडद्यावर माझ्या नावे कौतुकाचे शब्द उमटत होते. ते म्हणाले, "हात तं तुमचे हायेत सर, पन पाय कोनाचे?" आणि निघून गेले. पाय दोन्ही एकाच रेषेत, ताठ, खांबासारखे रोवलेले होते, हे मला तेव्हा कळले. या एका वाक्यात जेवढे शिक्षण होते तेवढे तोपर्यंतच्या दोन महिन्यांच्या शाबासक्यांत नव्हते. आणि व्याकरणदृष्ट्या पाहिले तर ते वाक्य आज्ञार्थी नव्हते, प्रश्नार्थी होते. वस्तादाची भाषा केवळ आज्ञांची असते ही आपली समजूत तपासून पाहावयास हवी. उपरोध, प्रश्न, नुसता हुंकार, कधी नाव घेऊन मारलेली हाक : यांचा वाटा तीत किती असतो, हे कोणा विद्यार्थ्याने नागपूर-अमरावतीकडील जुन्या व्यायामशाळांत बसून टिपले तर प्रबंधाचा विषय होईल. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्यास द. चिं. मजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे खंड सिद्ध केले. त्यांत व्यायाम आहे. पण शिकविणाऱ्याच्या तोंडची वाक्ये कोशात मावत नाहीत.

यंत्राचा शब्द नेहमीच पोकळ असतो असे मात्र नाही. कधीकधी तो लागतो. निंटेंडोच्याच 'वी फिट' या खेळाने, जो २००७ साली जपानमध्ये निघाला, वजन व उंची यांच्या गुणोत्तरावरून खेळणाऱ्याला वर्ग लावून दिले होते. २००८ साली ब्रिटनमध्ये एका दहा वर्षांच्या मुलीला त्याने जाड ठरविले, पालकांनी तक्रार केली आणि कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. हिशोब प्रौढांच्या मापाने झाला होता हा तांत्रिक भाग झाला. भाषिक भाग असा की शिक्षकाने तोच शब्द उच्चारताना मुलीचे तोंड पाहिले असते. यंत्राची शाबासकी आणि यंत्राचे दूषण ही एकाच दोषाची दोन रूपे होत.

असा खेळ उद्या मराठीत आणावयाचा झाला तर काय करावे लागेल, याचाही विचार करू. ठोशांची नावे हा प्रश्न मला सोपा वाटतो. ज्या नागपुरात डॉ. रघुवीर यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे राहून संस्कृत धातूंवरून हजारो शब्द घडविले, तेथे हुकला 'अंकुशप्रहार' म्हणणारा कोणी निघेलच. पण ठेका चालू असताना सहा अक्षरांचा शब्द तोंडातून निघेपर्यंत ठोसा मारून झालेला असतो. जॅब आणि हुक जसेच्या तसे घ्यावे. पैलवानांनी 'जोर' फारसीतून घेतला तसेच. आज्ञेची भाषा बदलण्याचे उदाहरणही आपल्याजवळ आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखांत १९३९ च्या सिंदी येथील बैठकीनंतर पूर्वीच्या आज्ञा जाऊन संस्कृत आज्ञा आल्या. 'दक्ष', 'आरम' हे शब्द तेव्हापासूनचे. शाळांच्या मैदानावर मात्र 'सावधान' आणि 'विश्राम' टिकले. दोन्हीकडे शब्द दोन-चार अक्षरांचेच आहेत, हे लक्षात घ्यावे.

खरी अडचण नावांची नाही, पुरुषवाचकाची आहे. इंग्रजी आज्ञार्थाला आदर-अनादर कळत नाही. मराठीत 'मार' म्हणावयाचे की 'मारा', की 'मारावा'? वस्ताद 'घे', 'दाब', 'सोड' असे एकेरीत बोलतो, आणि त्या एकेरीला त्याने शिष्याच्या पाठीवर घातलेल्या हाताचा आधार असतो. यंत्राने मला 'तू' म्हटले तर ते कोणत्या अधिकाराने? 'तुम्ही' म्हटले तर बँकेतील सूचनाफलकाची कळा येते. येथे मराठीच्या चालू वापराने एक वाट स्वतःच काढून ठेवली आहे. आपल्या योगवर्गांत शिक्षिका म्हणतात, "आता डावा पाय पुढे घ्यायचा, श्वास सोडायचा." पाककृती सांगणारीही "मग मोहरी घालायची" असेच म्हणते. या '-यचा' प्रयोगात मध्यमपुरुष नाहीच. कोणी, कोणाला, हे दोन्ही प्रश्न तो मिटवून टाकतो आणि कृती तेवढी शिल्लक ठेवतो. वीस वेगवेगळ्या वयांच्या माणसांना एकदम सांगावयाचे असताना बायकांनी हे रूप निवडले, यात मला मोठी भाषिक समज दिसते. अपौरुषेय यंत्राला शोभेल असा आज्ञार्थ मराठीत असेल तर तो हाच. त्यानंतर 'शाबास' मात्र येऊ नये. फार तर 'ठेक्यावर बसला' एवढे म्हणावे. ते यंत्राला खरोखरच ठाऊक असते.

शरीराच्या बाजूने हिशोब थोडक्यात सांगतो, कारण तो माझा विषय नाही. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखविले की किशोरवयीन मुलांची या खेळांत बसून खेळण्यापेक्षा अधिक ऊर्जा खर्च होते, परंतु मुलांच्या रोजच्या व्यायामात जमा धरावी इतकी ती तीव्र नसते. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने २००८ साली करविलेल्या पाहणीत 'वी स्पोर्ट्स'मधील पाच खेळांत मुष्टियुद्ध सर्वांत कष्टाचे ठरले : मिनिटाला सुमारे ७.२ कॅलरी, तर खऱ्या सरावी लढतीत सुमारे १०.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. या मापाने पाहता प्रौढाने असा खेळ नेटाने रोज खेळला तर तो व्यर्थ जात नाही. माझा शर्करेचा आकडाही उतरला आहे. एकट्याच्या कसरतीसाठी यापेक्षा वाईट साधने मी पाहिली आहेत.

परंतु ती कसरत आहे. २०२१ साली पोलंडमधील किएल्त्से येथे युवा जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेत ८१ किलोंवरील गटात सुवर्णपदक मिळविणारी अल्फिया पठाण ही आपल्या नागपूरची. तिच्यासारखी खेळाडू ज्या रीतीने घडते ती तालीम. दोहोंना 'बॉक्सिंग' हा एकच शब्द लावून विक्रेता जो लाभ उठवितो तो शब्दाचा आहे, वस्तूचा नाही.

एकट्याच्या घरगुती व्यायामाचे आपल्याकडील थोर उदाहरण म्हणजे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रचारिलेले सूर्यनमस्कार. तेही आधी सँडोच्या पद्धतीचे उपासक होते. उपकरणे सोडून ते नमस्कारांकडे वळले. येथे आज्ञा देणारा कोण? कोणीच नाही. प्रत्येक नमस्काराआधी सूर्याचे एक नाम घ्यावयाचे, आणि ते ज्याने नमस्कार घालावयाचा त्यानेच. बारा नामे झाली की बारा नमस्कार झाले. मोजणारा आवाज आणि वाकणारे अंग एकाच मनुष्याचे. आवाज उसना घेण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही; आणि दम लागला की नाम अडखळते, त्यामुळे श्रमाचे मापही त्याच आवाजात मिळते. बोलणारा व ऐकणारा यांच्यातील अंतर मिटविण्याचा हा मार्ग खेळाच्या कर्त्यांना सुचला असता तर खेळणाऱ्यालाच मोजावयास लावता आले असते. यंत्राला कान बसविणे आज अवघड राहिलेले नाही.

सध्या मी शिक्षिकेचा आवाज बंद ठेवतो. पलंगावरून आई मोजते. तिची मोजणी तिच्या बोलीत चालते, आणि तीस-पस्तीसच्या पुढे गेली की मध्येच थांबते : "पुरे कर आता. घामानं भिजून राहिला." यंत्राचा वेळ ठरलेला असतो आणि तो संपेपर्यंत ते थांबा म्हणत नाही, निषेध करावयाला समोरच्याचा घाम दिसावा लागतो. मोजणी ठेक्याच्या नेहमीच मागे पडते. मी तिच्या आकड्यावर हात टाकतो, आणि पडद्यावर ठोसा चुकल्याची नोंद होते.